सूर्यास्ताची मुदत

आमच्या लहानपणी घरात घड्याळ एकच होते, आणि तेही मागे पडत असे. आईला त्याची फारशी गरज नव्हती. तिन्हीसांजा झाल्या, कंदिलाची काच पुसून झाली, की ती आम्हा दोघा भावांना हाक मारी. हातपाय धुवायचे, चटईवर बसायचे, वडिलांनी पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचायचा, मग प्रार्थना आणि मग जेवण, असा क्रम ठरलेला होता. मात्र दिवसभरात आमचे भांडण झालेले असले, आणि ते बहुधा रोजच झालेले असे, तर आई शास्त्र उघडू देत नसे. "आधी एकमेकांशी बोला, मग देवाशी बोला," एवढेच ती म्हणे आणि चुलीकडे वळे. धाकटा हट्टी, मी मानी. कित्येकदा भाकरी गार होऊन जाई, वडील मिटलेले पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहत, आणि आम्ही दोघे दोन कोपऱ्यांत तोंडे फिरवून. शेवटी पोटातली भूक मनातल्या मानापेक्षा मोठी ठरे. कुणीतरी एक जण "ये की रे" म्हणे, आणि तेवढे पुरत असे.

आईचे शिक्षण चौथीपर्यंतचे. तिच्या या नियमाचे मूळ संत पौलाने इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे, हे मला पुढे कॉलेजात असताना उमगले. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल बजावतो, की राग आला तरी त्यातून पाप घडू देऊ नये, आणि तो राग सूर्यास्ताच्या पलीकडे नेऊ नये. आईने त्याला भाकरीची जोड दिली होती, इतकेच.

ख्रिस्ती माणसाला राग येत नाही, निदान येऊ नये, असा एक समज आमच्या शेजारीपाजारी आहे. खरे सांगायचे तर तो आमच्यातही आहे. एका गालावर कुणी मारले तर दुसरा पुढे करावा, ही शिकवण इतकी सर्वतोमुखी झाली आहे, की येशूने रागाविषयी आणखी काही सांगितले असेल याकडे लक्षच जात नाही. आपल्या मराठी मनावर तर षड्रिपूंचा संस्कार आहे. क्रोध हा सहा शत्रूंपैकी एक. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची उतरंड पायरी पायरीने दाखवली आहे. पैठणच्या नाथांच्या अंगावर कुणी पुन:पुन्हा थुंकले आणि नाथ तितक्याच वेळा शांतपणे गोदावरीत स्नान करून आले, ही कथा आम्ही ख्रिस्ती मुलेही शाळेत ऐकत आलो. पण अशा कथांचे होते काय, की आपण त्या देवळीत ठेवतो, नमस्कार करतो आणि रोजचा राग रोजच्यासारखा करीत राहतो.

पवित्र शास्त्र उघडले की वेगळेच दिसते. तिथे राग आहे, आणि तो मोठमोठ्यांना आलेला आहे. काइनाला भावाचा राग आला, योनाला तर प्रत्यक्ष देवाचा. मार्काच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी, येशूही रागावतो. आणि आपल्याच मराठी ख्रिस्ती परंपरेत रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा तापटपणा कुणापासून लपलेला नाही. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. त्यात कवी, भक्त आणि शीघ्रकोपी नवरा असे तिन्ही टिळक एकाच अंगणात वावरताना दिसतात. ते वाचून माझ्यासारख्या तापट माणसाला थोडा दिलासा मिळतो. मात्र लगेच लक्षात येते, की हे हसतखेळत सांगणारी बाई ती झळ सोसून मग सांगते आहे. तापट माणसाचे चरित्र त्याच्या घरच्यांनीच लिहावे; त्याला स्वतःला ते कधीच नीट दिसत नाही.

मला माझे जे थोडे दिसले, ते एका मुलामुळे.

ही १९९६ सालची गोष्ट. मी तेव्हा सहशिक्षक होतो, वय अठ्ठावीस. आठवीच्या वर्गावर मराठीचा तास चालू होता आणि तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर येऊन बसले होते. साहेब कन्नडभाषक. आमची शाळा मराठी माध्यमाची. पाठ मी चांगला तयार केला होता. दोन-तीन मुलांनी उत्तरे छान दिली. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाला मी प्रश्न विचारला. तो उठला, गोंधळला, आणि त्याच्या तोंडून निघाले, "गोत्तिल्ला, सर."

कन्नडात याचा अर्थ 'माहीत नाही'. आपल्या भागात हा शब्द कुणाच्याही तोंडी सहज येतो. मुले हसली. साहेबही हसले. त्यांचे हसणे वाईट नव्हते, हे मला आज कळते. त्या क्षणी मात्र ते माझ्या कानात तापलेल्या तेलासारखे उतरले. साहेब गेल्यावर मी त्या मुलाला पुढे बोलावले आणि दोन मुस्काटात ठेवून दिल्या. "मराठी शाळेत शिकतोस आणि लाज वाटत नाही?" असे काहीतरी बोललोही. वर्ग एकदम चिडीचूप झाला. पुढचा पाठ फार शिस्तीत पार पडला.

शिक्षकांच्या खोलीत बातमी माझ्या आधी पोहोचली होती. एक वडीलधारे सहकारी चहा ओतता ओतता म्हणाले, "काय सर, गाल पुढं करायचा धर्म तुमचा. तुम्ही तर दुसऱ्याचा गाल शोधायला लागलासा की!" सगळे हसले. मीही हसलो, आणि आतून पुन्हा चिडलो. घरी जाताना सायकलवर मनाशी समर्थन जुळवत होतो: आपण मराठीसाठी चिडलो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या भागाने भाषेपायी काय काय सोसले आहे. वर्गातच भाषा सांभाळली नाही, तर ती सांभाळायची कुठे? एखादे भाषण तयार व्हावे तसे माझे समर्थन घर येईपर्यंत तयार झाले होते.

सीमाप्रश्नाविषयी माझी मते आहेत, वाचकांचीही असतील. ती मांडायची ही जागा नव्हे. मला सांगायचे आहे ते एवढेच, की त्या दुपारी मी मराठीसाठी रागावलोच नव्हतो. साहेब वर्गात नसते आणि तोच मुलगा तेच "गोत्तिल्ला" म्हणाला असता, तर मीही पोरांबरोबर हसलो असतो. माझी भाषा दुखावली नव्हती. दुखावला होता तो साहेबांसमोरचा मी. आणि राग खरा आला होता तो साहेबांच्या हसण्याचा. पण साहेबांवर हात कोण उचलणार? पाणी जसे उताराकडे धावते तसा रागही उताराकडेच धावतो. साहेबांचा मास्तरावर, मास्तराचा पोरावर, नवऱ्याचा बायकोवर, सासूचा सुनेवर. वरच्या माणसाने दुखावलेले आपण खालच्याकडून वसूल करतो, आणि त्या वसुलीला शिस्त, संस्कार, अभिमान अशी चांगली नावे ठेवतो.

शुक्रवारी तो मुलगा शाळेत आला नाही. शनिवारीही आला नाही. रविवारी उपासनेला गेलो. त्या दिवशी प्रभुभोजन होते. पाळकसाहेबांनी मंडळीला पुढे बोलावले. बाकावरून माणसे उठू लागली आणि मला काही केल्या उठता येईना. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, येशूने एक अवघड गोष्ट सांगितली आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर जर तुला आठवले, की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग परत ये. इथे एक बारकावा आहे. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असे येशू म्हणत नाही. त्याच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे म्हणतो. म्हणजे चालत जायचे ते दुखावणाऱ्याने. दुखावलेल्याने येऊन क्षमा वाटत बसायची नाही.

"अहो, आज उठला नाहीत?" घरी येताना पत्नीने विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, "मग जेवणाआधीच जाऊन या." माझ्या आईला तिने पाहिलेही नव्हते, तरी वाक्य आईचेच होते.

मुलाचे वडील फाउंड्रीत रोजंदारीवर होते. दोन खोल्यांचे घर. त्याची आई गोकाककडची, घरात बोलणे कन्नड. 'गोत्तिल्ला' हा शब्द त्याच्या तोंडी आला तो आईच्या कुशीतून आला होता. मला दारात पाहून वडील घाईने खुर्ची पुसू लागले. मी म्हणालो, "मी मुलाची माफी मागायला आलोय." त्यांना ते समजेचना. "असं कसं सर? मारलासा ते बरं केलासा. मास्तरांनी मारायचं न्हाई तर कुणी?" त्यांच्या त्या सौजन्याने मला जितकी लाज वाटली तितकी वर्गातल्या हसण्याने वाटली नव्हती. मुलगा आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्याच्यापाशी जाऊन मी म्हणालो, "चूक माझी होती. तुझी नव्हती." त्याने मान हलवली. बोलला काहीच नाही.

सोमवारी तो शाळेत आला. पुढे दहावीही झाला. आता इथे गोड शेवट लिहिता आला असता तर बरे वाटले असते. पण खरे ते असे, की त्या दिवसानंतर माझ्या तासाला त्याने स्वतः होऊन कधीच हात वर केला नाही. विचारले तर हळू आवाजात, शब्द निवडून निवडून उत्तर देई. घसरू नये म्हणून ओल्या फरशीवर माणूस चालतो तसे. माफी मी मागितली, त्याने दिलीही असेल. पण जे बंद झाले ते उघडले नाही.

त्यानंतर मोशेची कथा मी वेगळ्या नजरेने वाचू लागलो. जुन्या करारात, गणना पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात ती आहे. अरण्यात पाणी नाही, लोक कुरकुरत आहेत. देव मोशेला सांगतो, खडकाशी बोल. मोशे मात्र लोकांवर संतापतो आणि खडकावर काठीने दोनदा प्रहार करतो. पाणी येतेच, भरपूर येते. पण देव सांगतो, की या लोकांना वचनदत्त देशात तू नेणार नाहीस. लहानपणी मला ही शिक्षा फार कठोर वाटे. चाळीस वर्षांची पायपीट आणि दोन फटक्यांपायी सगळे गेले! आता वाटते, त्यात शिक्षकांसाठी मोठी खूण आहे. पाणी आले म्हणून फटका योग्य ठरत नाही. माझाही वर्ग शांत झाला होता, पाठ पूर्ण झाला होता. जिथे बोलायचे तिथे मी मारले होते, आणि त्या मुलाच्या बाबतीत मलाही पुढचा देश दुरूनच पाहावा लागला.

मग येशूच्या रागाचे काय? मार्काच्या त्या प्रसंगात सभास्थानात वाळलेल्या हाताचा एक माणूस आहे. दिवस शब्बाथाचा. येशू त्याला बरे करतो की काय, यावर दोष काढायला काही लोक टपलेले आहेत. त्या माणसाच्या हाताचे कुणालाच काही नाही. येशू रागाने सभोवार पाहतो, आणि मार्क लगेच नोंदवतो, की त्यांच्या मनाच्या कठीणपणाचे त्याला दुःखही झाले. मग तो त्या माणसाला हात पुढे करायला सांगतो आणि हात बरा होतो.

हा राग आणि माझा राग मी अनेकदा शेजारी ठेवून पाहिला आहे. तिथे राग आला तो दुसऱ्यासाठी. मला आला तो माझ्यासाठी. तिथे रागाबरोबर दुःख होते. माझ्या रागात दुःखाला जागाच नव्हती, ते आले तीन दिवसांनी. तिथे रागाच्या शेवटी एक मिटलेला हात उघडला. इथे एक उघडे तोंड मिटले. आणि त्याच येशूला पुढे प्रमुख याजकापुढे उभे केले असता एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा काय झाले? योहान सांगतो, त्याने उलट मारले नाही, शापही दिला नाही, आणि मुकाट्याने दुसरा गालही पुढे केला नाही. त्याने प्रश्न विचारला, की माझे बोलणे चुकीचे असेल तर ते दाखव, बरोबर असेल तर मारतोस का? दुसऱ्यावर अन्याय होताना राग, आणि स्वतःवर होताना प्रश्न. आपले नेमके उलटे असते. शेजाऱ्यावर अन्याय झाला की आपण शांतपणे प्रश्न विचारतो, आणि आपल्याला नुसता धक्का लागला की पेटून उठतो.

प्रश्नाची ही वाट जुनी आहे. काइनाला राग आला तेव्हा देवाने आधी शिक्षा केली नाही. तुला राग का आला, तुझे तोंड का उतरले, असे विचारले. योना रागाने बसला तेव्हाही, हे रागावणे बरे आहे काय, असेच विचारले. काइनाने उत्तर दिले नाही, तो भावाला घेऊन शेतात गेला. योनाने दिले, पण हट्टाने. मला वाटते, राग येणे हे पाप नव्हे. रागाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर टाळणे इथून पाप सुरू होते. मी स्वतःसाठी एक साधा प्रश्न करून ठेवला आहे: आत्ता पाहायला कुणी नसते, तर मला एवढाच राग आला असता का? या एका प्रश्नापुढे माझे बहुतेक सात्त्विक संताप टिकत नाहीत.

आता सूर्यास्ताचे. संध्याकाळचीच मुदत का? सकाळी शांत डोक्याने बोललेले बरे नव्हे काय? पौलाच्याच काळात रोममध्ये सेनेका नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. रागावर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि विलंब हा रागावरचा सर्वांत मोठा उपाय, असे त्याचे मत. एक म्हणतो थांबा, दुसरा म्हणतो थांबू नका. मला दोघांचेही पटते. निकाल उद्यावर टाकावा, बोलणे टाकू नये. शाळेत एखाद्या मुलाविषयी तक्रार आली तर शिक्षेचा निर्णय मी त्या दिवशी घेत नाही. मात्र घंटा व्हायच्या आत त्या मुलाशी दोन शब्द बोलल्याशिवाय त्याला घरी जाऊ देत नाही.

सूर्यास्ताची ही मुदत मोशेच्या नियमशास्त्रात आणखी दोन ठिकाणी येते. रोजंदारीच्या गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आणि गरिबाचे पांघरूण गहाण ठेवून घेतले असेल तर तेही संध्याकाळपर्यंत परत करावे, कारण रात्री तो दुसरे काय पांघरणार? पौल हे शास्त्र कोळून प्यायलेला होता. त्याच्या मनात हे नियम असतील की नाही, हे ठरवायचा मला अधिकार नाही. मला मात्र ते एका ओळीत उभे दिसतात. दुखावलेल्या माणसाला आपले दोन शब्द देणे लागते ते उपकार म्हणून नव्हे. ती त्याची मजुरी आहे, ते त्याचे पांघरूण आहे. ते आपल्याकडे ठेवून आपण झोपलो, तर रात्रभर थंडीत कुडकुडतो तो. त्या फाउंड्रीतल्या मजुराच्या घरचे पांघरूण मी तीन रात्री अडकवून ठेवले होते.

ठेवलेला राग तसाच राहतही नाही. आधी त्याची अढी होते, मग सवय, मग स्वभाव. राग हा पाहुणा आहे तोवर ठीक. भाडेकरू झाला की पुढे तो घरच आपल्या नावावर करून घेतो. रागावलेला माणूस दार लावून बसतो, आणि मग उघडायला संकोचतो. ज्ञानेश्वरांसारख्यांनीही एकदा ताटी लावून घेतली, अशी आपली परंपरा सांगते. बाहेरून समजूत घालायला धाकटी मुक्ताई उभी राहिली. ज्याच्या दाराशी अशी कुणी उभी राहते तो भाग्यवान. माझ्या वाट्याला आई आली, पत्नी आली, आणि चहा ओतणारे ते थट्टेखोर सहकारीही आले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी घातली. चांगले झाले. हात थांबले. जिभेचे आणि नजरेचे मात्र कायद्याला सहज सापडत नाही. ते ज्याचे त्यालाच पाहावे लागते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसल्यापासून तर अधिकच, कारण आता शाळेत माझ्यापासून सगळीकडे उतारच आहे.

एवढे सगळे लिहून झाल्यावर एक कबुली देणे भाग आहे. ज्या धाकट्या भावाबरोबर मी चटईवर बसत होतो, त्याच्याशी गेले वर्षभर माझे बोलणे नाही. गावाकडच्या घराच्या वाटणीवरून झाले. चूक कुणाची, यावर माझ्यापाशी भक्कम समर्थन तयार आहे. सायकलवर तयार होत असे तसेच. पण ते कुणाच्या बाजूने भक्कम आहे, हे मला आता ओळखू येते. आई आज नाही. शास्त्र मी रोज उघडतो, आणि मला कुणी अडवीत नाही.

संपादकांनी लेखासाठी घातलेली मुदत मी पाळली. दुसरी मुदत वर्षभर थकली आहे. खिडकीबाहेर ऊन नारळाच्या शेंड्यांवर गेले आहे. अजून अर्धा तास तरी आहे. फोन समोर आहे. काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे. "ये की रे", एवढेच.